गवंड्याच्या हातातला टॅब

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला आडवा तडा गेला आहे. मी कोणाच्या हातून पडलो नाही. मला एका बाईच्या तोंडावर हाणले, तेव्हा तो गेला.

नवा असताना मी एका आरोग्य केंद्रात आलो. तिथल्या मागच्या खोलीत, लसींच्या फ्रीजशेजारी, आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण चाले. मी दोन जावांच्या वाट्याला आलो. धाकटी माझ्याशी लगेच रुळली. थोरली मात्र मी विंचू असल्यासारखे मला बोटाच्या टोकाने शिवायची. एकदा तिने एका आजोबांचे वय चार महिने नोंदवले. सगळी खोली हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच. पण तिने चिकाटी सोडली नाही. तापाचे घर नकाशावर लाल ठिपक्याने कसे दाखवायचे, ठिपके दाटले की तिथले पाणी आधी का तपासायचे, हे ती पुढे जावेला समजावू लागली. शिकवणाऱ्या मॅडमनी तिची पाठ थोपटली. मलाही अभिमान वाटला.

मग एका वस्तीत तापाची साथ पसरली आणि आम्ही दारोदार फिरू लागलो. थोरलीने एका गवंड्याच्या मुलीची नोंद केली, गाडी बोलावली. मुलगी इस्पितळात गेली ती परत आली नाही. तिला न्यायलाच उशीर झाला होता, पण हे बापाजवळ बसून कोणीच सांगितले नाही. टॅबमध्ये नाव गेले की माणूस जातो, अशी बोलवा उठली.

पुढच्या फेरीला आम्ही त्या गल्लीत शिरलो आणि पहिला दगड धाकटीच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कोणीतरी तिची वेणी धरून तिला फरफटत नेऊ लागले. थोरली मध्ये पडली, तशी तिच्या पाठीत लाथ बसली. गवंड्याने मला तिच्या हातातून हिसकावले. विटा फोडणारा हात तो. त्याने माझ्या कडेने तिच्या तोंडावर घाव घातला. मग दुसरा. भुवई फाटली, दात तुटला, माझी काच तडकली. रक्ताच्या ओलीने माझी बटणे आपोआप दाबली जाऊ लागली, आणि रकान्यांत भलतेच आकडे उमटत राहिले.

"माझी पोर कुठल्या रकान्यात लिहिलीस?" तो म्हणाला.

थोरलीने रक्त थुंकले. "आत कोण कण्हतंय?"

त्याने पुन्हा हात उगारला. तेवढ्यात त्याची बायको तान्ह्या मुलीला छातीशी धरून बाहेर आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"ही तापाने फणफणलीय. आता मारायचं तर मला मारा."

दगड उचललेले हात खाली आले. गवंड्याने मला उंबऱ्यावर आपटले आणि तिथेच खाली बसला. एक डोळा मिटलेला, अशा स्थितीत थोरलीने तान्हीला तपासले. धाकटीने धड हाताने फोन लावला. या खेपेला गाडीत थोरली त्या आईला सगळे सांगत गेली: कुठे नेतोय, कोणती सुई देतील, कशासाठी.

तान्ही वाचली. थोरलीचा डावा डोळा मात्र गेला. तिने गवंड्याला माफ केले नाही. पोलिसांना घडले तसे सांगितले, आणि तो तुरुंगात गेला. ठिपके दाटले तिथले पाणी तपासल्यावर नळात गटार मिसळत असल्याचे कळले. ते सांगायला त्याच गल्लीत धाकटी नकाशा घेऊन गेली.

आता त्या खोलीत थोरली शिकवते. पहिल्या दिवशी ती कोणाला टॅब उघडू देत नाही. "आधी बसा," ती सांगते. "का विचारतोय ते सांगा. आणि काय कळलं, तेही परत जाऊन सांगा." नव्या बायका तिच्या डोळ्याकडे बघतात आणि मान खाली घालतात. मी कपाटात असतो. कधीमधी चार्जिंगला लावतात.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझी काच बदलता येते. पण तुमच्या दारात टॅब घेऊन अशी कोणी सेविका आली, तर का विचारतेस, असे तिला खुशाल विचारा. ते तिने सांगायलाच हवे. आणि त्या वेळी मागे कोणी दगड उचलताना दिसला, तर तो हात तिथेच धरा.