मधलं काहीच आठवत नाही

तिला सगळे चिमणी म्हणत. चाळिशी उलटली, लेक कॉलेजात जायला लागली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. एक तर अंगापिंडानं एवढीशी आणि त्यात तोंडाला क्षणाची उसंत नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती कामाला होती. तिथल्या मशीनांच्या घरघरीतही तिचा आवाज पार दाराबाहेर ऐकू यायचा. तिच्या जोडीला होती लंबू. चिमणीपेक्षा चांगली हातभर उंच, बोलण्यात कंजूष, पण एकदा बोलली की समोरचा हसून आडवा.

दोघी मिळून इस्त्रीचं मोठं मशीन सांभाळायच्या. भलामोठा तापलेला रोलर. त्याच्यापुढे एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला ती. ओलसर चादर दोघींनी दोन्हीकडून धरायची, ताणायची आणि रोलरच्या तोंडी द्यायची. "एकीची उंची आणि दुसरीची बडबड निम्मी-निम्मी वाटून घेतली असती, तर दोन बायका धड झाल्या असत्या," असं मुकादम म्हणायचा.

रोलरपुढे एक आडवी दांडी असते. बोटं फार जवळ गेली की ती ढकलली जाते आणि मशीन आपोआप थांबतं. ती दांडी अडकायला लागली होती. मुकादमानं वर कळवलं होतं, दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत होता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर चादर लावताना तिचं टोक दुमडलं. लंबूनं ते सरळ करायला डावा हात पुढे केला.

दुमडलेलं टोक चिमणीला आठवतं. त्यानंतर आठवतं ते एकदम बाहेरच्या पायरीवरचं. हातात पाण्याचा ग्लास आहे, पाणी सगळं मांडीवर सांडलंय, आणि कुणीतरी पाठीवरून हात फिरवत म्हणतंय, "तू होतीस म्हणून वाचली गं ती. तू मशीन थांबवायचं बटण दाबलंस." मधलं काहीच नाही.

लंबूचा डावा हात कोपराखाली गेला. जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी चिमणी कामावर हजर. बायकांनी तिला गराडा घातला, साहेबानं सगळ्यांसमोर कौतुक केलं. घरी नवराही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "दिसायला एवढीशी, पण काळीज बघा!" तिलाही वाटलं, निभावलं आपण. ते मशीन दुरुस्तीसाठी बंदच होतं, तिला घड्या घालायला बसवलं होतं. सुरुवातीचे दिवस बरे गेले.

मग हळूहळू काहीतरी सुरू झालं. आधी तिच्या लक्षात आलं की आपण लोकांच्या चेहऱ्याकडे बघतच नाही, हातांकडे बघतो. बसमध्ये दांडी धरलेले हात, सुटे पैसे देणारा कंडक्टरचा हात, भाजीवालीचे हात. डोळे आपोआप बोटं मोजायचे. पाच. पाच. एखाद्यानं मूठ मिटलेली असली की ती उघडेपर्यंत हिची नजर हलायची नाही. नवरा रंगारी, तो संध्याकाळी आला की त्याच्या नखांतला रंग निघालाय का हे बघायच्या निमित्तानं ती त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून बघायची. तो बिचारा खूश व्हायचा. एवढ्या वर्षांनी बायको हात हातात घेते म्हणजे काय!

पुढे दार आपटलं तरी ती दचकायला लागली. शेजारच्यांचं कपडे धुण्याचं मशीन शेवटी जोरात फिरायला लागलं की हातातलं काम टाकून ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. झोप तुटायची. चिडचिड वाढली. आणि बडबड कधी बंद पडली, हे तिचं तिलाही कळलं नाही. धुलाईघरातल्या बायका म्हणायच्या, "चिमणे, आज उपास आहे का बोलण्याचा?" ती कसनुसं हसायची.

सगळ्यात वाईट होती ती शंका. लोक म्हणतात मी बटण दाबलं. मग मला आठवत का नाही? दाबलंच नसेल मी. नुसती उभी राहिले असेन, बघत. दुसऱ्याच कुणीतरी मशीन थांबवलं आणि माझी दया येऊन हे सगळे खोटं बोलतात. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसायची, जणू तो बोलला असता. कधीकधी शंका आणखी पुढे जायची. माझ्याच बाजूनं चादर जास्त ओढली गेली असेल. म्हणून टोक दुमडलं.

लंबूला भेटायला ती गेलीच नाही. आधी म्हणाली, तिला आराम पडू दे. मग लेकीची परीक्षा, मग स्वतःचा खोकला. लंबू हॉस्पिटलातून तिच्या घरी आली तरी हिची कारणं संपली नाहीत. लंबूच्या गल्लीवरून जाणारी बसही तिनं सोडली. लांबच्या रस्त्यानं पायी जायची, पाय दुखतात म्हणून कुरकुरायची, पण जायची त्याच रस्त्यानं.

एका सकाळी लेक तोंडी परीक्षेला निघायच्या घाईत टेबलावर शर्टाला इस्त्री करत होती. चिमणी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. लेकीनं शर्टावर पाणी शिंपडलं, इस्त्री टेकवली आणि फस्स आवाज झाला. गरम ओल्या कापडाचा वास घरभर पसरला.

नंतर चिमणी भानावर आली तेव्हा इस्त्री जमिनीवर होती, फरशीला तडा गेला होता आणि लेक भिंतीला टेकून मनगट धरून रडत होती. तिच्या मनगटावर चिमणीच्या बोटांचे लाल वळ उठले होते.

"आई, किती जोरात ओढलंस! काय झालंय काय तुला?"

लेकीचं मनगट दुखावलं याहीपेक्षा चिमणीला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पुन्हा मधलं गेलं होतं. म्हणजे हे आत कुठेतरी बसलंय. केव्हाही येतं, आपल्याला बाजूला सारतं, करायचं ते करतं आणि निघून जातं. पुढच्या वेळी काय करील?

त्या दिवशी नवरा कामावर गेला नाही. आजवर तो "झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नकोस" एवढंच म्हणत आला होता. आता लेकीच्या मनगटाला मलम लावता लावता तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस म्हणणं सोपं आहे. भिंतीला ओल धरली की वरून कितीही रंग फासा, पोपडे येतातच. चल, डॉक्टरकडे जाऊ."

"वेड्यांच्या डॉक्टरकडे?"

"शहाणी आहेस म्हणून नेतोय. वेडी असतीस तर आली असतीस का?"

डॉक्टरीणबाई त्याच हॉस्पिटलात, मागच्या इमारतीत बसायच्या. कुणी ओळखीचं बघेल या धास्तीनं चिमणी डोक्यावरून ओढणी घेऊन गेली. आत गेल्यावर तिनं पहिल्यांदा बाईंची बोटं मोजली. मग म्हणाली, "बाई, हात तिचा गेला. मला तर खरचटलंही नाही. मग मला काय झालंय?"

"बघणाऱ्यालाही लागतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याच चादरीच्या दुसऱ्या टोकाला होतात. तुमच्या जिवालाही तोच धोका वाटला. जीव तेव्हापासून पहाऱ्यावर उभा आहे, त्याला कुणी सांगितलंच नाही की संकट टळलं. म्हणून तो आवाजाला, वासाला, हातांना घाबरतो."

"आणि मधलं का आठवत नाही?"

"अशा वेळी डोकं फक्त तगून राहायचं बघतं. काय घडलं ते नीट लावून ठेवायला त्याला सवड नसते. खूप जणांचं असं होतं. तुम्ही खोटारड्या नाही आणि वेड्याही नाही."

चिमणीला बरं वाटलं, पण पटलं नाही. घरी येताना शंका पुन्हा बरोबर होतीच. बाईंना तरी काय माहीत, मी बटण दाबलं की नाही? तरी ती दर आठवड्याला जायला लागली. बाई श्वास सावकाश सोडायला शिकवायच्या, पाय जमिनीला टेकलेत हे बघायला सांगायच्या. लंबूला भेटण्याबद्दल विचारलं की चिमणी विषय बदलायची.

मग एका रविवारी सकाळी दार वाजलं. लेकीनं भोकातून बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आई, लंबूमावशी!"

चिमणी न्हाणीघरात शिरली, आतून कडी घातली आणि नळ सोडला. बाहेर लेक चाचरत बोलताना ऐकू येत होती, "आई... आई नाहीये घरात. बाजारात गेली."

"अनवाणी?" लंबूचा आवाज आला. "तिच्या चपला तर इथेच आहेत."

पावलं आत आली. न्हाणीघराच्या दाराशी थांबली. चिमणी बादलीच्या कडेला धरून उभी होती. पाणी भरून वाहायला लागलं होतं, पण नळ बंद करायचं धाडस होईना.

"हात माझा गेला," लंबू दारापलीकडून म्हणाली, "आणि तोंड तू लपवतेस? बंद कर तो नळ. बिल काय मी भरू?"

नळ बंद झाला.

"ऐक. मी भांडायला आले नाही. विचारायला आलेय." लंबूचा आवाज एकदम खाली आला. "मला त्या दिवशीचं काही आठवत नाही गं. चादर दुमडली, ते आठवतं. मग एकदम वॉर्डातला पंखा. मधलं काही नाही. रोज वाटतं, चिमणी येईल आणि सांगेल. ती होती तिथं. तिला माहीत असेल. मी ओरडले का? काय झालं? तू आलीच नाहीस. मला वाटलं, काहीतरी भयंकर आहे, म्हणून ही सांगायला येत नाही."

मग कडी निघाली. भिजलेल्या पायांनी चिमणी दारात उभी होती.

"मलाही नाही आठवत," ती म्हणाली.

"काय?"

"मधलं. मलाही काही आठवत नाही. मला वाटलं, तुला आठवत असेल. तुला माहीत असेल की मी काहीच केलं नाही."

लंबू तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस मी तुझ्या भरवशावर आणि तू माझ्या?" आणि तिला हसू फुटलं. चिमणी हसायला गेली आणि तिचा बांध फुटला. लंबूनं तिला उजव्या हातानं जवळ ओढलं. डावी बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली होती. चिमणीनं आता पहिल्यांदाच त्या बाहीकडे बघितलं. नजर वळवावीशी वाटली, पण तिनं वळवली नाही.

"चल, मुकादमाला विचारू," लंबू म्हणाली. "तो पहिला आत आला होता म्हणे."

दुसऱ्या दिवशी कामाची वेळ संपल्यावर दोघी मुकादमाच्या खोलीत गेल्या. मुकादमानं आधी टाळाटाळ केली. कशाला उकरून काढायचं, म्हणाला. मग पंख्याचं बटण उगीच चालू-बंद करत उभा राहिला.

"दाबताना मी बघितलं नाही," तो म्हणाला. "खोटं सांगणार नाही. आरोळी ऐकून मी धावलो, तेव्हा मशीन थांबलेलं होतं. ही चिमणी तुझ्या बाजूला येऊन तिथल्या बटणावर तळवा दाबून उभी. दुसऱ्या हातानं तुझ्या कमरेला धरलेलं. तिथं दुसरं कुणी नव्हतं. मशीन बंद झालंय, सोड, असं सांगतोय, तर सोडेना. एकेक बोट उचलून काढावं लागलं मला. आणि काढताना चावली, बघ इथं." त्यानं मनगट पुढे केलं. खूण कधीच गेली होती, तरी त्यानं बोट ठेवून जागा दाखवली.

"आणि मी?" लंबूनं विचारलं. "मी काय करत होते?"

"तू हिला सांगत होतीस, चादर फाटेल, सांभाळ."

मुकादमाचे डोळे भरून आले आणि तो खिडकीकडे वळला. "दांडीसाठी मी भांडायला हवं होतं," तो स्वतःशीच म्हणाला. त्यालाही नीट झोप लागत नव्हती, हे दोघींना तेव्हा कळलं.

चिमणीला वाटलं होतं, खरं काय ते कळलं की सगळं सुटेल. तसं झालं नाही. बटणाबद्दलची शंका गेली, ती मात्र मुळापासून गेली. पण अंग आपलं तसंच दचकत राहिलं, शेजारचं मशीन घरघरलं की पाय गॅलरीकडे वळतच राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगाला समजायला डोक्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दांडी बदलली, मशीन पुन्हा सुरू झालं, पण चिमणीनं त्याच्यापुढे उभं राहायला साफ नकार दिला, आणि मुकादमानं तिला घड्यांवरच ठेवलं. घरी शर्टांना इस्त्री नवरा करायला लागला. चुरगळलेलेच निघायचे, पण कुणी काही बोलायचं नाही. लेकीनं हळूहळू सवय लावून घेतली: इस्त्री लावायच्या आधी, मिक्सर फिरवायच्या आधी हाक मारायची, "आई, आवाज होणार आहे."

लंबूही आता डॉक्टरीणबाईंकडे यायला लागली. नंबर लागेपर्यंत दोघी बाहेरच्या बाकावर बसायच्या. परवा कुणा वॉर्डबॉयनं औषधांची ट्रॉली दारावर आदळली. धाडकन आवाज झाला आणि चिमणीनं डोळे गच्च मिटून शेजारचा हात पकडला. मुठीत नुसती दुमडलेली बाही आली.

"तिकडे काही नाही गं," लंबू म्हणाली. आवाज तिचाही कापत होता. "इकडून धर."

चिमणी उठली, लंबूच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि तिनं हात धरला. दोघींनी पाय जमिनीला टेकवले. आतून नाव पुकारलं जाईपर्यंत दोघी सावकाश श्वास सोडत राहिल्या.