एक सुई, एक माणूस

मलेरिया खात्यात तीस वर्षं मी लोकांच्या भिंतींवर फवारणीच्या तारखा लिहिल्या. निवृत्त झाल्यावर गप घरी बसायला हवं होतं. पण जळगावात एका संस्थेने एड्स प्रतिबंधाचं काम काढलं आणि स्टेशनवरच्या पोरांना समजावून सांगायला कुणी वयस्क माणूस हवा म्हणून मला धरलं. साल शहाण्णव. बायको म्हणाली, "डास संपले वाटतं."

संस्थेचं साहित्य मुंबईहून यायचं. त्यात एक मोठं पोस्टर होतं. दोन माणसं एकाच सुईने नशा करतायत, वर लाल फुली आणि खाली ठळक अक्षरांत: एक सुई, एक माणूस. मुंबईतली पोरं करत असतील तसं. आमची पोरं सायकलचं पंक्चर काढायचं सुलेशन फडक्यावर ओतून हुंगायची. सुईची त्यांची ऐपत नव्हती. मी तसं वर कळवलं. वरून उत्तर आलं की साहित्य बदलता येणार नाही, विषय पूर्ण करावा.

म्हणून दर गुरुवारी पार्सल ऑफिसच्या मागे, सावलीत, सुलेशन हुंगणाऱ्या पाच पोरांना मी सांगायचो की बाबांनो, एकमेकांची सुई वापरू नका. ती नीट ऐकायची, कारण नंतर भजी मिळायची. संस्थेने दिलेल्या साहित्याच्या पेटीत प्रात्यक्षिकासाठी इंजेक्शनची एक सुई होती, पाकीटबंद. ती उघडायची नाही, लांबून दाखवायची, अशी लेखी सूचना होती. मी लांबून दाखवायचो.

भाद्रपदात त्या पाचातला हिलाल मालगाडीखाली गेला. सुलेशनच्या तारेत रूळ ओलांडत होता. रेल्वे पोलिसांचे सुकदेव हवालदार पंचनामा करत होते आणि पंच म्हणून त्यांनी चहावाल्याला आणि मला उभं केलं. मला अकराची धुळ्याची बस पकडायची होती. तिथे मासिक बैठक होती.

"ओळखता का, नाना?" हवालदारांनी विचारलं.

"हिलाल."

"बापाचं नाव?"

"ठाऊक नाही."

"आडनाव?"

तेही मला ठाऊक नव्हतं. "मग याचा काय उपयोग?" हवालदार म्हणाले आणि त्यांनी लिहिलं: अनोळखी मुलगा, वय अंदाजे बारा, अंगावर ओळखीची खूण नाही. बाकीची चार पोरं तिथेच उभी राहून त्याचं नाव सांगत होती, पण त्यांच्या तोंडाला सुलेशनचा वास येत होता म्हणून त्यांचं म्हणणं कुणी धरलं नाही. निदान हिलाल एवढं तरी लिहा, असं मी म्हणू शकत होतो. मी घड्याळात पाहिलं आणि सही केली. ती सही आठवली की आजही मला माझीच किळस येते.

त्या चौघांत वना सगळ्यांत मोठा, तेरा-चौदाचा. पुढच्या गुरुवारी त्याने विचारलं, "काय लिखं त्यास्नी, नाना?"

मी सांगितलं.

"खूण म्हंजे काय?"

"तीळ, जखमेचा वण, गोंदण. असलं काहीतरी."

त्याने मान हलवली आणि भजी खाल्ली.

कार्तिकी एकादशीला जळगावात रथ निघतो आणि जत्रा भरते. त्या जत्रेत धरणगावची पार्वताबाई गोंदायला बसते. दोऱ्याने बांधलेल्या तीन सुया, तेवढ्याच सुयांनी अख्ख्या जत्रेचे हात. मधेमधे ओल्या फडक्याने पुसायच्या. वना मला म्हणाला, "नाना, आम्ही चारी जण हातवर नाव गोंदणार शेतस."

अखेर माझ्या पोस्टरला काम मिळालं. मी त्यांना समोर बसवून सगळं परत सांगितलं. रक्त, सुई, रोग. गोंदायचं नाही म्हणजे नाही.

"मंग आम्हले बी अनोळखीच लिखतीन," वना म्हणाला.

मी चिडलो. पोस्टरवर बोट आपटून म्हणालो, "एक सुई, एक माणूस. समजलं?" समजलं म्हणाले. मग मी घरी जाऊन संस्थेला अर्ज लिहिला की चार कोऱ्या सुया मिळाव्यात. उत्तर आठ दिवसांनी आलं. सुया मंजूर बाबींत बसत नाहीत, त्यातून चुकीचा संदेश जाईल, पोस्टरे हवी असल्यास कळवावे. तोवर जत्रा उठून गेली होती. औषधाच्या दुकानात जाऊन चार सुया विकत घ्याव्यात, हे मला सुचलंच नाही. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस आधी अर्ज लिहितो.

जत्रेनंतरच्या गुरुवारी पेटी उघडली तर प्रात्यक्षिकाची सुई नव्हती. मी चौघांना ओळीत उभं केलं आणि हात दाखवायला सांगितलं. भटूचे हात कोरे. पुनाचे कोरे. यादवचेही. वनाने कुणाच्या तरी मापाचा लांब बाह्यांचा शर्ट घातला होता आणि तो बाही वर करीना. मीच केली.

कोपरापासून मनगटापर्यंत हात सुजला होता. त्यावर एकाखाली एक हिरवी नावं होती: हिलाल, भटू, पुना, यादव. यादव तिसरीपर्यंत शिकलेला. त्याने सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलेलं पार्वताबाईने जसंच्या तसं उतरवलं होतं.

"हे काय आहे?"

"तुम्हीच सांगं ना, एक सुई, एक मानूस," वना म्हणाला. "सुई एकच व्हती."

"म्हणून सगळ्यांची नावं तुझ्या हातावर?"

"मानूस बी एकच शे ना मंग." त्याने मला सावकाश समजावलं, मी त्यांना समजवायचो तसंच. कुणी गाडीखाली गेला तर तो जाऊन हवालदाराला हात दाखवणार. तोंडी सांगितलेलं ऐकत नाहीत. "लिखेल दखाडं का त्यास्ले मानणं पडस."

नियमात कुठे चूक सापडते का ते मी पाहिलं. पेटीतली सुई कोरी होती. एकालाच टोचली होती. काम झाल्यावर गटारात टाकली होती. मुंबईच्या लोकांनी पाठ थोपटली असती.

"आणि तुझं नाव?"

"जागा सरी गई." मग तो म्हणाला, "मन्हं नाव तुम्हले माहीत शे."

हिलालचंही माहीत होतं. हे त्याला ठाऊक होतं आणि तो टोमणा मारत नव्हता. मारला असता तर मला बरं वाटलं असतं. मला रडू आलं. पोरांनी दुसरीकडे पाहिलं आणि भजी आपली आपण वाटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांना घेऊन मी रेल्वे पोलीस चौकीत गेलो. सुकदेव हवालदारांना म्हटलं, ही पोरं स्टेशनवर झोपतात, वहीत यांची पूर्ण नावं लिहून घ्या. ते म्हणाले, कोणत्या नियमाखाली? मी म्हटलं, तो तुम्ही शोधा, मी बसतो. आणि त्यांच्या खुर्चीवर बसलो. पाऊण तासाने त्यांनी वही काढली.

भटूला बापाचं नाव माहीत होतं. पुनालाही. यादवने आठवायला वेळ घेतला, पण सांगितलं. मग वनाची पाळी आली. लहानपणी तो बोदवड स्टेशनवर असायचा; त्याआधीचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

"बापाचं नाव नाही?" हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मग कसं लिहू?"

वना वहीकडे बघत होता. "बापनी जागावर नानानंच नाव लिखा ना," तो म्हणाला. "मी काय त्यास्ना पोऱ्या नही. पन जागा भरी जाई."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. आज मला कुठलीही बस पकडायची नव्हती.

"लिहा," मी म्हणालो आणि त्याच्या नावापुढे माझं नाव जोडलं. "वना अभिमन."

"आडनाव?"

"माझंच."

"पत्ता?"

तोही सांगितला, घर नंबरासकट. पोरं बाहेर पडली. भटू, पुना आणि यादव फलाटाकडे वळले. वनाही वळला, तेव्हा मी त्याचा चांगला हात धरला.

"इकडे," मी म्हटलं. "पत्ता लिहिलाय, तर घर तुला माहीत पाहिजे."