दहा खेपा

रुग्णालयाच्या भांडारात ती सोळा वर्षं होती. कुठल्या वॉर्डात हातमोजे कमी पडणार, सलाईनच्या बाटल्या किती दिवस पुरतील, हे तिला कपाट न उघडता सांगता यायचं. त्यामुळे धाकट्या भावाने तिला आपल्या अंतराळयुद्धाच्या खेळात ओढलं, तेव्हा तोफा डागायचं काम कुणी दिलंच नाही. "लढायला सगळेच एका पायावर तयार असतात, अक्का," तो म्हणाला. "रसद बघणारं कुणी नाही." भाऊ गटाचा सेनापती होता. ती रसदप्रमुख झाली आणि बघता बघता सगळ्या गटाचीच अक्का झाली.

तिच्या ताब्यात दोन फिरत्या गोद्या होत्या. गोदी म्हणजे जहाजं बांधायचा कारखाना. पण या गोद्या आरमार जाईल तिथे मागोमाग जायच्या. हलवणं मात्र सोपं नव्हतं. बांधकाम थांबवायचं, टाकी भरायची, मगच उडी घ्यायची. इंधन कमी पडलं तर गोदी वाटेतच लटकणार आणि आयतीच शत्रूच्या तावडीत सापडणार.

इंधन वाहून आणायचे ते मुंगीकाका. खरं तर निवृत्त बसचालक. पण न बोलता, न थकता खेपा घालतात म्हणून पोरांनी ते नाव ठेवलेलं. त्यांनाही ते आवडायचं.

एका रविवारी दुपारी थोरली गोदी तातडीने मागे घ्यायचा हुकूम आला. अक्काने आकडे मांडले आणि फक्त काकांना ऐकू जाईल अशा वाहिनीवर सांगितलं, "काका, दहा खेपा."

"तिच्या पोटात अर्धं बांधलेलं जहाज आहे," काका म्हणाले. "त्याचं वजन धरलंत ना?"

दाराशी नवरा जेवायचा खोळंबला होता. दुसऱ्या कानात भाऊ घाई करत होता. आणि आपल्या आकड्यांवर कुणी शंका घ्यायची तिला सवय नव्हती. "धरलंय हो," ती फटकन म्हणाली. "तुम्ही दहाच करा."

काकांनी दहा केल्या. गोदी अर्ध्या वाटेत अडकली. पाऊण तासात शत्रूने तिचा चुराडा केला. अकरा जणांची दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

लगेच सगळ्यांची बैठक बसली. भावाचा आवाज चिरकला होता. "चौदा खेपा लागत होत्या. काका, तुम्ही किती केल्या?"

"दहा. मला दहाच सांगितल्या होत्या."

"कुणी सांगितल्या?"

अक्काचं बोट बोलायच्या बटणावर होतं. काका थांबले. ती बोलेल म्हणूनच थांबले असावेत. तिने बटण दाबलं नाही. मग काकाच म्हणाले, "माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल." पुढे भावाने आणि त्या अकरा जणांनी त्यांना नाही नाही ते सुनावलं. काकांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि गट सोडला.

सोमवारी भांडारात परिचारिकेने सहज विचारलं, "मोजून दिलंत ना?" अक्काने खोकं परत घेऊन तीनदा मोजलं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात उभं राहून भावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "तुझ्यावर गटाचा विश्वास आहे. खेपा घालायला दुसरा माणूस मिळेल."

"इथे भांडारात मी असं केलं असतं तर?"

"तिथे माणसं दगावतात, अक्का. हा खेळ आहे."

"खेळ आहे, तर त्यांना इतकं टाकून का बोललास?"

त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी तिने सगळ्यांना बोलावून चूक कबूल केली. दहाचा आकडा तिचा होता, काकांनी विचारलंही होतं, आणि आपण मूग गिळून बसलो, हे काही न वगळता सांगितलं. कुणीच ओरडलं नाही. त्या अकरा जणांपैकी एक मुलगी हळूच म्हणाली, "मी काकांना काय काय बोलले, अक्का."

काकांना तिने माफीचं पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "बत्तीस वर्षं बस चालवली. चुका सगळ्यांच्या होतात, त्याचा राग नाही. तुम्ही गप्प बसलात, ते लागलं. आता नातीला शाळेत सोडायचं असतं, वेळ होत नाही." नातीला शाळेत सोडून आल्यावर दुपार मोकळीच असते, हे तिलाही कळत होतं. तिने पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

गटाने तिला पदावरून काढलं नाही, आणि तेच तिला जड गेलं. तिने आपणहून ते काम दुसऱ्याकडे सोपवलं आणि धाकट्या गोदीसाठी इंधनाच्या खेपा घालायला लागली. काम कंटाळवाणं होतं. एकेका खेपेला वीस मिनिटं, वाटेत बोलायला कुणी नाही. भाऊ महिनाभर तिच्याशी बोलला नाही. मग एक दिवस त्याचा फोन आला. आईचे गुडघे कसे आहेत, औषध कोण आणतं, एवढंच त्याने विचारलं. तिने सांगितलं. खेळाचा विषय दोघांनीही काढला नाही.