निरोपाविना उतरवलेला कळस

मी एक जुना मातीचा कळस आहे आणि मित्रांनो, सध्या मी भयंकर संतापलेलो आहे.

बालीतल्या पेजातेन गावच्या सुक्री कुंभारणीने मला घडवले. माझी एकेक पाकळी हाताने काढली, सावलीत वाळवली, नारळाच्या सोडणांवर भाजली आणि मला स्वतःच्याच अंगणातल्या देवळावर चढवले. पुजाऱ्याने मंत्र म्हणून माझ्यात देव बोलावला. तीस वर्षे मी ऊनपाऊस सोसला. रोज सकाळी खाली फुले, भात आणि उदबत्ती येई.

मग शेजाऱ्यांनी काळ्या दगडाचे देऊळ बांधले. झाले! सुक्रीच्या मुलाच्या, आर्तानाच्या, डोक्यात तेच भरले. जुने देऊळ पाडण्याआधी निरोपाची पूजा करून देवाला उठवायचे असते, हे तिथले शेंबडे पोरही जाणते. पण गवंडी आलेले, पुजारी परगावी आणि आई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. नंतर उरकू म्हणत त्याने मला उतरवले आणि तो माळीकाम करतो त्या बंगल्यात, जपून राहील म्हणत, शोभेला नेऊन ठेवले. कुठे, तर पोहण्याच्या तलावापाशी, जमिनीवर. पाहुणे माझ्या पाकळ्यांवर ओल्या चड्ड्या वाळत घालू लागले. मला ओरडता येत नाही, याची इतकी चीड कधी आली नव्हती.

लेकीकडून परतलेली, पूजा झाली असेच समजणारी सुक्री महिन्याभराने त्याच बंगल्यात कुंड्या पोचवायला आली. मला पाहून ती जागीच थांबली. तिने आधी चड्ड्या काढून फेकल्या, मग मुलाला हाक मारली.

"मेमे, मातीच तर आहे," आर्ताना पुटपुटला. तिकडे आईला मेमे म्हणतात. "देव कधीच नव्या देवळात गेला."

"त्याला सांगितलं कुणी? तू?"

तो खाली पडलेल्या चड्ड्या गोळा करू लागला.

"चड्डीखाली देव बसवलास, आणि गावभर मिरवतोस दगडाचं देऊळ बांधलं म्हणून. आता घे डोक्यावर. टेम्पो नाही मिळायचा. बाजारातून घरी चालत न्यायचं."

भर दुपारी न्यावे लागले. लोक विचारत होते, तो काहीबाही सांगत होता आणि मागून येणारी आई त्याचे प्रत्येक उत्तर दुरुस्त करत होती.

उद्या पूजा होईल. मग सुक्री मला स्वतः फोडून ओढ्यात सोडेल. त्याचे मला दुःख नाही. आम्हाला जपा, असेही मी म्हणणार नाही. जपायच्या नावाखालीच मला त्या तलावाशी नेले होते. पण मित्रांनो, ज्याला रोज हात जोडलेत, त्याला निदान 'या आता' म्हणून निरोप द्या. आर्ताना अजून माझ्याकडे बघतसुद्धा नाही.