पाणी न होणारा दगड

बर्फाच्या कारखान्यासमोरील पटांगणात पाय ठेवावयास जागा नव्हती. मधोमध चौरंग, चौरंगावर कोरडे फडके, फडक्यावर पांढराशुभ्र दगड; आणि त्या दगडातून संथपणे खाली उतरणारा धूर. गर्दी श्वास रोखून पाहत होती. दगड झिजत गेला आणि अखेर नाहीसा झाला.

रोग उतरवितो म्हणून वस्तीत आलेल्या धूरबाबांनी लोकरी हातमोजे घातलेल्या हातांनी फडके उचलले. "चाचपा, भक्तांनो! ओल लागते का? रोग घन होता, त्याचा धूर केला, धुराचे शून्य केले!"

कारखान्याच्या मुकादमाने फडके चाचपले. बर्फाच्या लाद्या ओढण्यात त्याची हयात गेली होती. "बर्फ असता तर पाणी झालं असतं. हे काहीतरी दैवी आहे," तो म्हणाला. बर्फाच्या बाबतीत त्या वस्तीत त्याचा शब्द अखेरचा. सर्वांनी हात जोडले. आपले ज्ञान जेथे संपते, तेथे 'मला ठाऊक नाही' एवढे म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी नव्हते.

मुकादमाची लेक दम्याने बेजार होती. दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी दिलेला औषधाचा फवारा बाबांनी आधीच बंद करविला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाच्या घरी विधी ठरला. लेकीला जमिनीवर सतरंजीवर निजविले. रोगाचा धूर शेजाऱ्यांच्या घरात शिरू नये, म्हणून बापाने स्वतः खिडक्या लावून घेतल्या, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. उशाशी घमेल्यात त्या दगडांची रास होती. बाबांनी तीवर ऊन पाणी ओतले आणि लगबगीने बाहेर येऊन दाराला कडी घातली.

आतून खोकला ऐकू आला, मग धाप.

"बाबा, पोरीचा जीव घुसमटतोय हो!" आई कळवळली.

"रोग जाताना झगडतोच, माई. दार उघडलंस तर पुन्हा तिच्यातच शिरेल."

थोड्या वेळाने आवाज थांबला. "पाहा, कशी शांत झाली!" बाबा प्रसन्नपणे म्हणाले.

आई दवाखान्याकडे धावत सुटली. डॉक्टरीणबाई तिच्यासह आल्या, तेव्हा बाबा दार अडवून उभे राहिले. "बाई, विधीत विघ्न आणू नका."

"सरका! एवढं पुण्याचं काम, तर तुम्ही आत का नाही बसलात?"

दार उघडले. लेकीला अंगणात आणले. बाई गुडघ्यांवर बसून तिची छाती दाबत राहिल्या, तोंडाने श्वास देत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी हात मागे घेतले. आईने लेकीचा निष्प्राण देह कवटाळला.

"आयुष्यच तेवढं होतं तिचं," अंगणात जमलेल्या गर्दीत कोणी पुटपुटले.

ते ऐकून बाई उठल्या. बाबांनी दगड आणलेल्या पेटीतील एक तुकडा त्यांनी चिमट्याने खोल पातेल्यात टाकला, वर ऊन पाणी ओतले आणि पेटती मेणबत्ती आत उतरविली. ज्योत विझली. पुन्हा पेटविली, पुन्हा विझली.

"आपण श्वासावाटे बाहेर टाकतो ना, तोच वायू अतिशय थंड करून घट्ट केला की असा दगड होतो. आपला बर्फ वितळून पाणी होतो. हा पाणी न होता थेट वायू होतो, म्हणून फडकं कोरडं. पांढरं दिसतं ते हवेतलं बाष्प आहे, गारव्याने त्याचे थेंब होतात. जीव घेतो तो वायू डोळ्यांना दिसत नाही. तो हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. आणि पोरीला निजवलंत कुठे?"

 लोकांनी बाबांना पोलिसांच्या हवाली करण्यासाठी धरून ठेवले. 

"मी बर्फातला माणूस, बाई," मुकादम म्हणाला. "मला कसं कळलं नाही?"

"तुम्ही एकच बर्फ पाहिला होतात, दादा. यात नवल नाही. पण विचारायचं होतं. दवाखाना रस्त्यापलीकडेच आहे."

त्याने लेकीच्या पायांवर डोके ठेवले.

वाचकहो, श्वास ही देहात वसणारी पहिली देवता होय. तिची वाट कोंडावयास जो सांगेल, त्याला विचारा, "हे कसे घडते?" प्रश्नाने कोणताही देव रुष्ट होत नाही. सांगणारा मनुष्य मात्र रुष्ट झाला, तर तेथे क्षणभरही थांबू नका. रुग्णाला उचला आणि दवाखाना गाठा.