ऱ्हस्व-दीर्घाचा रबरबँड

मित्रांनो, नाक धरायचं असेल तर आत्ताच धरा. मी एक जुना रबरबँड आहे आणि मला वास येतो. कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला पिवळाधमक होतो. मग फिलिपिन्समधल्या सेबू शहराच्या बाजारात आलो आणि मासळी विकणाऱ्या लुझविमिंदाने मला सुक्या मासळीच्या पुडक्याला गुंडाळलं. शी! डोळे वटारलेले ते खारट मासे पोटाशी धरून बसायचं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. जगात याहून घाण काही नसेल, असं मला वाटलं. माझी अक्कल तेवढीच.

लुझविमिंदा चाळिशीची. गुडघे धरले, पाट्या उचलवेनात, म्हणून परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलण्याची नोकरी मिळवायला ती इंग्रजीच्या वर्गात आली. पहिल्याच दिवशी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने मासळीचं पुडकं शिक्षकांना, सर रोडेलना, भेट दिलं.

सरांनी ते दोन बोटांनी उचललं. "ईऽऽ! हे काय, मांजरासाठी?"

वर्ग हसला. मासळी तिच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात गेली. मला मात्र सरांनी ठेवून घेतलं.

मी शिकवायच्या कामाला लागलो. 'लिव्ह' म्हणजे राहणं. आवाज आखूड, मी सैल. 'लीव्ह' म्हणजे निघून जाणं. आवाज लांब, मी ताणलेला. वर्गातली चेरिल म्हणालीसुद्धा, "रबराने कसं पटकन डोक्यात शिरतं, नाही?" मी खूश झालो. पण कुणी चुकलं की सर मला त्याच्या मनगटाशी ताणून सोडायचे. फट्!

"लांऽऽब म्हटलं ना? कानात मासे भरलेत का?"

सगळ्यात जास्त फटके लुझविमिंदाला. तिच्या जिभेला त्या लांब 'ई'चं वळणच नव्हतं. सर कान कोरायचे, वडे खाऊन बोटं चाटायचे आणि त्याच बोटांनी मला ताणायचे. मला ओकारी यायची. तिच्या मनगटावरचे वळ बघून तर स्वतःचीच किळस वाटायची.

ती दोनदा नापास झाली. तिसरी परीक्षा शेवटची. तीही हुकली की नोकरीची संधी गेली. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी टेबलावर पडलो होतो. तिथेच चेरिल तिला म्हणाली, "अगं मानांग, मोठ्या बहिणीसारखी आहेस म्हणून सांगते. बाजारात 'बुलाऽऽद' करून सुक्या मासळीची हाक मारायचीस ना? तशीच मार की! तेव्हा कुठे होतं रबर?"

लुझविमिंदा लाजली. मग बाजारात उभी असल्यासारखी छाती भरून तिने 'लीऽऽव्ह' म्हटलं. इतका लांब तर मी कधी ताणलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ती पास झाली.

"बघ, माझ्या रबराची कमाल!" सरांनी मला तिच्या हातावर टाकलं. "ठेव आठवण म्हणून."

ती कोपऱ्यातल्या नळावर गेली. साबण लावून तिने मला धुतलं. एकदा, दोनदा, तीनदा.

सर हसले. "मासळीचा वास आहे तो. जायचा नाही."

"मासळीचा राहू दे, सर. तुमच्या बोटांचा घालवतेय."

या वेळी वर्गात कुणी हसलं नाही.

आता मी तिच्या घरी पुन्हा सुक्या मासळीच्या पुडक्यावर आहे. घाण वाटते, पण मी सैलावून बसतो, 'लिव्ह'सारखा. मित्रांनो, कुणाला शिकवायला बसाल तेव्हा आधी हात स्वच्छ धुवा. आणि कुणी प्रेमाने पुडकं आणलं, तर ते दोन्ही हातांनी घ्या.