माझ्या पोटातले सरकार

मित्रांनो, काचेवर तडा गेलेला आणि पाठीला रबर लावलेला मी एक जुना मोबाईल आहे. माझी बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही, आवाजही परवापरवापर्यंत खरखरत होता. पण जन्मात कधी कुणाची चुगली मी केलेली नाही. तरीही माझ्यावर तो आळ आला, आणि त्याचे दुःख मी आज तुमच्यापाशी बोलून दाखवणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले पांढरे हातमोजे आणि पुष्कळसा उजेड, एवढेच आता आठवते. अमोलने मला पहिल्या पगारातून विकत घेतले. पुढे पुण्याला नोकरी लागल्यावर त्याने नवा मोबाईल घेतला आणि मला आपल्या आईच्या, जयवंताबाईंच्या हाती दिले. जयवंताबाई नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्री निवडतात. त्यांनी मला फार मान दिला. दसऱ्याला विळ्याशेजारी मलाही पाटावर ठेवले आणि हळद-कुंकू वाहिले. थोडे कुंकू माझ्या स्पीकरच्या जाळीत गेले, तेव्हापासून मी खरखरू लागलो. पण खरे सांगू? त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या नळाच्या पाण्याला घाण वास येऊ लागला. शेजारच्या सुमतीबाईंची मुलगी काजल काविळीने अंथरुणाला खिळली. पोळ्याच्या दिवशी केबलसाठी गल्ली खणलेली होती. त्या खड्ड्यात नळाची फुटकी पाइप नालीच्या पाण्यात बुडालेली जयवंताबाईंना दिसली. त्यांनी लगेच माझ्यावर फोटो काढला आणि वस्तीच्या ग्रुपवर लिहिले, 'पाइप नालीत फुटली हाये. फोटो हाये माझ्यापाशी. सरकार झोपलं काय?' संध्याकाळी खड्डा बुजला, वर सिमेंट आले. ती जागा दाखवणारा फोटो आता फक्त माझ्याजवळ होता.

दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते त्या सकाळी, ग्रुपवर कुणीतरी एक निरोप पुढे ढकलला. सरकार आता प्रत्येकाचे बोलणे ऐकणार, लिहिलेले वाचणार. निरोपाखाली लाल खूण दिसली की पोलीस दारात! जयवंताबाईंनी तो निरोप दोनदा वाचला.

"म्या तं सरकार झोपलं म्हनलं वं माय! आता मले नेते काय?" असे म्हणत त्यांनी लिहिलेले पुसले आणि फोटोही पुसून टाकला.

मग आमचे दिवस फिरले. बायका पाण्याविषयी बोलायला जमल्या की आधी सगळे मोबाईल संत्र्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये टाकत आणि वरून पोते झाकत. आम्ही चौदा जण त्या पोत्याखाली एकमेकांच्या अंगावर पडून असायचो. जयवंताबाईंना तेवढ्यानेही धीर येईना. त्यांनी मला बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसले. भिजलेल्या मोबाईलला तांदळात ठेवतात हे मला ठाऊक होते, पण मी तर ठणठणीत कोरडा होतो!

पाणी खात्याचा माणूस येऊन म्हणाला, "पाइप कुठं फुटली ते दाखवा. सगळी गल्ली थोडीच खोदता येते?" तेव्हा सुमतीबाई आमच्या दारात आल्या.

"जयवंताबाई, फोटो होता म्हने ना तुमच्यापाशी?"

"कायचा फोटो वं? म्या नाही काढला."

सुमतीबाई परतल्या. हे सगळे मी डब्यातून ऐकले. त्या दिवशी जयवंताबाईंना जेवण गेले नाही. दोन दिवसांनी त्यांनी मला बाहेर काढले आणि बस धरून महाल भागात अश्लेषाच्या दुकानात नेले. ही मुलगी मोबाईल दुरुस्त करते.

"पोराचा फोन घेता येत नाही, शेजारणीच्या तोंडाकडे पाहता येत नाही," जयवंताबाई म्हणाल्या. "याच्यातलं सरकार काढून दे वं बाई."

अश्लेषा हसली नाही, हे मी कधी विसरणार नाही. तिने माझी पाठ उघडली आणि एकेक भाग त्यांना दाखवला. चिमट्याने स्पीकरची जाळी साफ करताना कागदावर लाल भुकटी पडली.

"पाहा मावशी, सरकार नाही सापडलं. कुंकू सापडलं."

मग ती गंभीर झाली. "कोणीच पाहत नाही असं मी नाही म्हणणार. उघड्यावर लिहिलेलं सगळेच वाचतात, सरकारबी वाचते. गुन्ह्याचा तपास असला तर मोबाईलबी मागते. त्यानं कुठवर पाहावं, हे आपणच विचारत राहावं लागते. पण लाल खूणबीण काही नसते, मावशी. फोटो कधी पुसला?"

"मारबतीच्या दिवशी."

अश्लेषाने बोटांवर मोजले. "सव्वीस दिवस. मंग आहे अजून."

मित्रांनो, पुसलेला फोटो मी तीस दिवस कचऱ्याच्या टोपलीत सांभाळून ठेवतो. इतके दिवस मी तो जपला होता, पण मला कुणी विचारलेच नव्हते. फोटो पुन्हा काचेवर आला तेव्हा जयवंताबाई पदराने डोळे पुसू लागल्या.

घरी न जाता त्या आधी सुमतीबाईंकडे गेल्या. "मी खोटं बोलली वं. भेव वाटलं मले." सुमतीबाईंनी त्यांचा हात धरला. दोघींनी मिळून फोटो पाणी खात्याला पाठवला आणि खाली आपापली पूर्ण नावे लिहिली. चार दिवस उत्तर नाही. जयवंताबाई मला सारख्या उघडून पाहत.

"आधी भेव वाटे का सरकार वाचते," त्या म्हणत, "आता भेव वाटते का वाचतच नाही!"

पाचव्या दिवशी मी वाजलो. 'आपली तक्रार वाचली. उद्या माणसे येतील.' जयवंताबाईंनी ते साऱ्या गल्लीला मोठ्याने वाचून दाखवले. माणसे आली, फोटोतल्या जागी खणले आणि पाइप बदलली. काजल आता अंगणात उन्हाला बसते. क्रेटमध्ये पुन्हा संत्री असतात.

माझ्यातून निघालेले शब्द पुढे कोण कोण वाचतो, ते मला कळत नाही. पण एका खोट्या निरोपाने एक खरी बाई महिनाभर गप्प बसली, एवढे मी पाहिले आहे. म्हणून मित्रांनो, पुढे ढकलण्याआधी विचारा, खरे असेल तेच लिहा आणि भिऊन ते पुसू नका. आणि आम्हा जुन्यांनाही जरा जपा.

परवा दसरा झाला. जयवंताबाईंनी मला पुन्हा पाटावर ठेवले. सुमतीबाई म्हणाल्या, "जाळीत नको जाऊ देऊ वं." तेव्हा त्यांनी मला उलटे केले आणि कुंकवाचे बोट माझ्या पाठीवर, रबराच्या जरा वर टेकवले.